ट्यूब अँप लोडवर वाजवताय? या चुका टाळा

गिटारचा ट्यूब (व्हॉल्व्हचा) अँप गुपचूप वाजवायचा, तर स्पीकरच्या जागी लोड जोडतात, म्हणजे अँपची ताकद आवाज न करता जिरवणारा रेझिस्टर किंवा तशी पेटी. तरी "लाइन आउट आहे ना, मग स्पीकर कशाला?" हे ऐकलं की मला एक काळवंडलेलं सॉकेट आठवतं.

कोथरूडचा फ्लॅट, रात्रीचे अकरा, खालच्या काकू एकदा बेल वाजवून गेलेल्या. आमच्या पठ्ठ्याने ५० वॉटच्या हेडचा (वेगळा स्पीकर लागणाऱ्या अँपचा) स्पीकर जॅक उपटला, लाइन आउट (रेकॉर्डिंगसाठीचा हलका सिग्नल) कॉम्प्युटरच्या ऑडिओ इंटरफेसला जोडला, हेडफोन चढवला आणि सुरू. आवाज झकास येत होता, तिथेच फसला. दहाएक मिनिटांनी 'फट्'. दुसऱ्या दिवशी अँप माझ्या टेबलावर. मागचं झाकण काढताच जळक्या वार्निशचा वास, आणि ईएल-३४ या आउटपुट ट्यूबच्या सॉकेटवर ३ नंबरच्या पिनपासून २ नंबरपर्यंत कोळशाची रेघ. तीन म्हणजे प्लेट, दोन म्हणजे हीटर. मीटर लावला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी, म्हणजे ट्यूबकडची गुंडाळी, ओपन (तुटलेली). बुधवार पेठेत रिवाइंडिंगला नेला, तर काका म्हणाले, "आमच्याकडे मोटारी येतात हो, हे कसलं?"

ट्रान्झिस्टरचा अँप स्पीकरशिवाय बिनबोभाट चालतो, म्हणून पोरांना वाटतं ट्यूबचाही चालेल. पण सेकंडरीला, म्हणजे स्पीकरकडच्या गुंडाळीला, लोड नसेल तर ट्रान्सफॉर्मरमधल्या ऊर्जेला वाट उरत नाही. प्रायमरीवर व्होल्टेज हजारोंत उसळतं आणि जिथे इन्सुलेशन कच्चं, तिथे ठिणगी पडते. लाइन आउट स्पीकरच्या तारेवरून चिमूटभर सिग्नल घेतो, तो लोड नव्हे. सिग्नल मिक्सरकडे नेणारा डीआय बॉक्सही लोड नव्हे. मी आधी लोड जोडतो, जॅक एकदा ओढून बघतो, मगच पॉवरच्या बटणाला हात. पाच सेकंदांचं काम, पण धीर कुणाला?

स्पीकर आउट थेट इंटरफेसमध्ये घालू नका. ५० वॉट ८ ओहमवर म्हणजे २० व्होल्ट. लाइन लेव्हल जेमतेम सव्वा व्होल्ट.

लोडला गिटारची केबल नको, स्पीकरचीच हवी. अँपच्या १६ ओहमच्या टॅपला (स्पीकर जोडणीला) १६चाच लोड.

तापकीर गल्लीतून सोनेरी ॲल्युमिनियमचा १०० वॉटचा रेझिस्टर आणून नुसता टेबलावर ठेवणाऱ्यांनो, तो आकडा हीटसिंकवर बसवल्यानंतरचा असतो. शिवाय ५० वॉटचा अँप पूर्ण ड्राइव्हला त्याहून बराच जास्त ओततो. मी दुप्पट क्षमतेखाली जात नाही.

'आवाज माशी घोंघावल्यासारखा येतो' ही तक्रार दर आठवड्याला. अहो, गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वरचं बरंचसं गिळतो. लोड गिळत नाही. कॅबचा आयआर, म्हणजे स्पीकरच्या पेटीच्या आवाजाची डिजिटल छाप, लावा. तरी बोटांखाली लाकूड वाजतंय असं वाटलं, तर साधा रेझिस्टर बदला. खऱ्या स्पीकरचा इम्पिडन्स (ओहममधला विरोध) १०० हर्ट्झच्या आसपास उसळतो, वरच्या सुरांकडे पुन्हा चढतो, आणि अँपला त्याचीच सवय असते. रेकॉर्डिंगला रिअॅक्टिव्ह लोडच घ्या, म्हणजे इम्पिडन्सची ही चढउतार करणारा. रेझिस्टर रियाजापुरता ठीक.

हम येतोय? लाइन आउटवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. थ्री-पिनची अर्थ पिन कापून 'गेला बघा हम' म्हणणारेही भेटतात. त्यांच्या गिटारच्या तारांना मी हात लावत नाही.