आंजेलिक किजो यांचे संगीत कोणत्या क्रमाने ऐकावे

पश्चिम आफ्रिकेतील बेनिन या देशाच्या गायिका आंजेलिक किजो यांना पाच ग्रॅमी मिळाले आहेत, परंतु त्यांच्या संगीताची ओळख पुरस्कारांच्या यादीवरून करून घेऊ नये. त्यांची कारकीर्द समजून घ्यायची असेल, तर तालाचा माग काढत जावे.

सुरुवात १९९६ च्या ‘फिफा’ या अल्बमपासून करावी. बेनिनमधील उइदा या बंदरगावी १९६० मध्ये जन्मलेल्या किजो यांनी तत्कालीन राजवटीच्या दडपणामुळे १९८३ मध्ये देश सोडला आणि पॅरिसमध्ये जाझचे शिक्षण घेतले. पुढे पती व बासवादक झाँ एब्राय यांच्यासह बेनिनमध्ये फिरून त्यांनी पारंपरिक वादक-गायकांचे ध्वनिमुद्रण केले आणि त्यातून हा अल्बम आकाराला आला. पहिल्या वेळी गाण्यांच्या अर्थाची चिंता न करता केवळ तालवाद्यांकडे लक्ष द्यावे. त्याआधीचे, नाचाच्या ठेक्यावर बांधलेले ‘लोगोझो’ (१९९१) आणि ‘आये’ (१९९४) नंतर ऐकले तरी चालतील.

यानंतर ‘ओरेमी’ (१९९८), ‘ब्लॅक आयव्हरी सोल’ (२००२) आणि ‘ओयाया’ (२००४) हे तिन्ही अल्बम याच क्रमाने ऐकावेत. त्यांत त्या अनुक्रमे अमेरिका, ब्राझीलमधील बाहिया आणि कॅरिबियन बेटे यांच्या संगीताकडे वळतात. उइदा हे गुलामांच्या व्यापाराचे एक प्रमुख बंदर होते. तेथून जहाजांत कोंबून बाहियाला नेलेल्या माणसांबरोबर त्यांचे देव, त्यांची भाषा आणि त्यांचे तालही समुद्रापार गेले. म्हणून या अल्बमांना ‘फ्यूजन’ म्हणणे मला अपुरे वाटते. येथे दोन परकी संगीते एकत्र आणलेली नसून, बळजबरीने ताटातूट झालेली भावंडे पुन्हा भेटत आहेत. बाहियाचा सांबा ऐकताना ‘फिफा’मधील ढोल आठवून पाहावेत.

‘सिंग्ज’ (२०१५) मधून वाद्यवृंदासोबतचा त्यांचा आवाज कळतो, पण घाई असल्यास तो मागे ठेवावा. ‘रिमेन इन लाइट’ (२०१८) मात्र चुकवू नये. टॉकिंग हेड्स या अमेरिकी रॉक बँडने १९८० मध्ये नायजेरियाचे संगीतकार फेला कुटी यांच्या प्रभावाखाली केलेला हा अल्बम किजो यांनी नव्याने गाऊन पुन्हा आफ्रिकेत आणला आहे.

शेवटी ‘सेलिया’ (२०१९) घ्यावा. क्यूबाच्या गायिका सेलिया क्रूझ यांचे मूळ ‘किम्बारा’ हे गाणे आणि किजो यांचे ‘किम्बारा’ लागोपाठ ऐकावे, आणि सूर ओळखीचा राहूनही ठेका कोठे सरकतो, याकडे कान ठेवावा. फेला कुटी यांचे ड्रमवादक टोनी ॲलन आणि बेनिनचा गांग्बे ब्रास बँड हे दोघेही या अल्बममध्ये आहेत.