एसीच्या उमेदवारीसाठी पहिली हत्यारे

आयटीआय संपवून एसीच्या कामावर शिकाऊ उमेदवार म्हणून रुजू होताना दुकानदार दाखवील तो तयार संच घेतला, तर पैसे जातात आणि त्यातली निम्मी हत्यारे पेटीतच पडून राहतात.

प्रथम मालकाला विचारावे की व्हॅक्यूम पंप, गॅस रिकव्हरी यंत्र आणि ब्रेझिंगचा (तांब्याच्या नळ्या तापवून जोडण्याचा) संच कोणाचा वापरायचा. ही महागडी साधने बहुधा कंत्राटदाराकडेच असतात, त्यामुळे ती सुरुवातीला विकत घेऊ नयेत. स्वतःच्या पैशाने स्क्रू ड्रायव्हर, दोन ॲडजस्टेबल पाने, ॲलन कीचा संच, टेस्टर आणि रीमरसह (कापलेल्या नळीची आतली कड साफ करणाऱ्या पात्यासह) छोटा ट्यूब कटर घ्यावा. (हॅक्सॉने नळी कापली की तांब्याचा कीस आत पडतो.)

खरा खर्च मात्र दोनच वस्तूंवर करावा. क्लॅम्प मीटर (तारेभोवती पकडून विद्युतप्रवाह मोजणारा) कपॅसिटरचे मायक्रोफॅरड, म्हणजे त्याची क्षमता, मोजणारा असावा, कारण बंद पडलेल्या जुन्या स्प्लिट एसीत पहिला संशय कपॅसिटरवरच जातो. नळीचे तोंड जोडणीसाठी पसरवणारे फ्लेअरिंग टूल एक्सेंट्रिक (मध्यापासून सरकवलेल्या) शंकूचे घ्यावे; स्वस्त टूलने केलेली फ्लेअर, म्हणजे पसरवलेले तोंड, वाकडी बसली, तर तिथूनच गॅस गळतो. गेज मॅनिफोल्ड (गॅसचा दाब मोजणारा संच) पुढे घेतला तरी चालेल, परंतु तो आर-३२ आणि आर-४१०ए या एसीतल्या गॅसांसाठी असल्याची खात्री करावी, कारण या गॅसांचा दाब जुन्या आर-२२ गॅसच्या साधारण दीडपटीहून अधिक असतो आणि जुन्या होज (रबरी नळ्या) त्यासाठी बनवलेल्या नसतात.

सावधगिरी एकच: वीज बंद केल्यानंतरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक राहतो, म्हणून मीटर लावण्यापूर्वी तो रेझिस्टरमधून उतरवून घ्यावा.