युवा उपक्रमाचं प्रायोजकत्व घेताय? या चुका टाळा

मंडळाकडे सभागृह आहे, शिल्लक आहे, राबणारी माणसं आहेत, तरी प्रायोजकत्वाच्या मान्यतेचा अर्ज त्रुटी काढून परत येतो. बहुतेक वेळा कारण एकच असतं. मंडळाने देणगीदार म्हणून अर्ज भरलेला असतो आणि मान्यता देणारी संस्था मुलांची जबाबदारी घेणारा शोधत असते. टी-शर्टवर नाव छापायला मान्यता लागत नाही. ती लागते ती मुलांवर नेमलेल्या मोठ्या माणसांसाठी.

करार न वाचता सही करणं

अमेरिकेतल्या स्काउटिंगमध्ये ही गोष्ट फार स्पष्ट दिसते. तिथली अनेक पथकं चर्च, सेवाभावी क्लब किंवा पालक संघटना चालवतात. राष्ट्रीय संघटनेशी त्यांचा करार होतो, संस्था आपला प्रतिनिधी नेमते आणि पथकातल्या प्रौढ नेत्यांना त्या संस्थेची मंजुरी लागते. थोडक्यात, पथक प्रायोजकाचं असतं. कित्येक प्रायोजकांनी मात्र खोली उघडून देणं एवढंच आपलं काम मानलं. पुढे लैंगिक अत्याचारांच्या दाव्यांमुळे राष्ट्रीय संघटनेने फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. ८२ हजारांहून अधिक दावे दाखल झाले आणि प्रायोजक संस्थाही त्यात ओढल्या गेल्या. युनायटेड मेथडिस्ट चर्चने पीडितांच्या निधीत तीन कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं.

तेव्हा करारात तीन गोष्टी आधी शोधा: नेमणूक कोण करतं, काढून कोण टाकतं आणि भरपाईचा दावा आला तर तो कोणावर येतो. खोली देण्यापुरतीच तयारी असेल तर तसं स्पष्ट सांगून जागा वापरण्याचा साधा करार करा. त्यात कमीपणा काही नाही. अर्धवट प्रायोजकापेक्षा चांगला जागामालक केव्हाही बरा.

कागदावर अस्तित्वच नसणं

वर्षानुवर्षं काम करणारा गट नोंदणीकृत असतोच असं नाही. नोंदणी नसेल तर गटाच्या नावाने केलेला करार बऱ्याच ठिकाणी सही करणाऱ्याच्या अंगावर येतो. खातं खजिनदाराच्या वैयक्तिक नावावर असेल तर अर्ज तिथेच अडतो. नोंदणीला वेळ लागणार असेल तर एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली अर्ज करता येतो का, हे विचारा. आणि संस्थेची घटना (नियमावली), बँक खातं, ठराव या तिन्हींवर संस्थेचं नाव अक्षरशः सारखं आहे ना, ते पाहा. हा फरक क्षुल्लक वाटतो, पण अर्ज रखडवायला तेवढा पुरतो.

कार्यकारिणीचा ठराव नसताना एका उत्साही सदस्याने अर्ज पाठवणं हीही नेहमीची गोष्ट. तो सदस्य गाव सोडून गेला की मागे कोणालाच काही माहीत नसतं. ठरावात प्रतिनिधीचं नाव हवं, पर्यायी प्रतिनिधीचंही हवं.

बालसुरक्षा धोरण उतरवून काढणं

इथे सर्वाधिक अर्ज उघडे पडतात. धोरण दहा पानांचं असतं, पण तक्रार आली तर फोन कोणाला करायचा, हे त्यात नसतं. कधी तर दुसऱ्याच संस्थेचं नाव तसंच राहिलेलं असतं. तपासणाऱ्याला जाड फाइल नको असते. सहलीला मुलं कोणाच्या गाडीतून जाणार, मुक्कामी कोण कुठे झोपणार, प्रशिक्षकाने एखाद्या मुलाला रात्री खासगी मेसेज पाठवला तर काय करायचं, याची उत्तरं हवी असतात.

दुसरा गैरसमज म्हणजे पोलीस पडताळणी झाली की काम झालं. इंग्लंडमध्ये अशा पडताळणीसाठी २०१२ पासून डीबीएस (डिस्क्लोजर अँड बारिंग सर्व्हिस) ही स्वतंत्र यंत्रणा आहे. इतर देशांत वेगवेगळ्या पद्धती आहेत. पण कोणतीही पडताळणी मुख्यतः मागची नोंद दाखवते. जो कधी पकडलाच गेला नाही, तो कोरा निघतो. म्हणून प्रौढाने मुलासोबत एकटं राहायचं नाही, हा नियम पडताळणीइतकाच महत्त्वाचा. अमेरिकी स्काउटिंगमध्ये प्रत्येक कार्यक्रमाला किमान दोन नोंदणीकृत प्रौढ लागतात, तेही किमान २१ वर्षांचे. आणि हा नियम अध्यक्षांच्या मेहुण्यालाही लागू, हे धोरणात नसलं तरी बैठकीत बोलून घ्या.

‘आधी आपसात चौकशी करू’ हे वाक्य धोरणात कुठेही असेल तर खोडून टाका. भारतात पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती किंवा तो घडण्याची शंका असेल तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीचा असा गुन्हा कळवला नाही, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अनेक देशांत असे कायदे आहेत. आपल्याकडचा नियम काय, तो शोधून धोरणात नेमका लिहा.

विमा आहे म्हणून निश्चिंत राहणं

सभागृहाच्या विम्यात पोहणं, गिर्यारोहण, मुक्कामी शिबिर बसतंच असं नाही. विमा कंपनीला कार्यक्रमांची यादी द्या आणि उत्तर लेखी घ्या.

अर्ज परत आला तर

लगेच तोच अर्ज नव्या तारखेने पाठवू नका. आधी कोणत्या अटीवर अडलं ते लेखी विचारा. ‘कागदपत्रं अपुरी’ असं मोघम उत्तर आलं तर जमा कागदांची यादी जोडून नेमकं काय कमी आहे ते विचारा. संदर्भ देणारी मंडळी उत्तरच देत नसल्यानेही अर्ज पडून राहतात. नाव देण्याआधी त्यांना सांगून ठेवा. पैशांचा प्रश्न आला असेल तर मंडळाच्या वर्गणीपासून वेगळा हिशेब आणि दोन सह्यांचं खातं दाखवलं की बहुधा तो सुटतो.

मान्यता बहुधा मुदतीची असते. नवी कार्यकारिणी आली की प्रतिनिधीचं नाव, सह्यांचे अधिकार, आपत्कालीन फोन नंबर बदलून कळवावे लागतात. हे काम सचिवाच्या यादीत आधीच घालून ठेवा, नाहीतर नूतनीकरणाच्या वेळी जुन्या अध्यक्षांच्या सहीसाठी धावाधाव होते. प्रायोजकत्व सोडायचं झालं तर किती दिवस आधी कळवायचं आणि मुलांच्या नोंदी कोणाकडे द्यायच्या, हेही सही करण्याआधीच विचारून घ्या.