म्युझिक प्लेअर घेताना: किती जीबी हवेत आणि सबस्क्रिप्शन त्यावर चालेल का?

खिशात मावणारा म्युझिक प्लेअर घ्यायला निघालेला माणूस बहुधा पहिला प्रश्न ‘किती जीबीचा घ्यावा’ हाच विचारतो. माझ्या मते त्याच्या आधीचा प्रश्न वेगळा आहे: गाणी येणार कुठून? स्वतःच्या सीडींवरून उतरवलेल्या किंवा विकत घेतलेल्या फायली वाजवायच्या असतील, तर जागेचा हिशेब साधा असतो. दरमहा पैसे भरून एखाद्या सेवेवरची गाणी ऐकायची असतील, तर मात्र कितीही मोठी जागा असली तरी ती सेवा त्या यंत्रावर चालते का, यावरच सगळे अवलंबून राहते.

आधी स्वतःच्या फायलींचा हिशेब पाहू. जागा किती लागेल हे गाण्यांच्या संख्येवर ठरत नाही, तर मिनिटांवर आणि बिटरेटवर, म्हणजे दर सेकंदाच्या आवाजासाठी किती माहिती साठवली आहे यावर, ठरते. 320 केबीपीएसची (सेकंदाला 320 किलोबिट माहितीची) एमपी3 फाईल मिनिटाला 2.4 एमबी घेते, म्हणजे चार मिनिटांचे गाणे सुमारे 9.6 एमबीचे होते. तेच गाणे सीडीवरून अजिबात कॉम्प्रेस न करता जसेच्या तसे उतरवले, तर सुमारे 42 एमबी लागतात. एफएलएसी या फॉरमॅटमध्ये आवाजाचा एक कणही न गमावता फाईल लहान होते आणि साधारण 25 एमबीच्या आसपास येते. संगीत शांत असेल तर कमी, भरगच्च असेल तर जास्त. 2001 साली ॲपलचा पहिला आयपॉड हा प्लेअर आला, तेव्हा त्याच्या 5 जीबीमध्ये 1000 गाणी मावतात असे सांगितले गेले. तो हिशेब चार मिनिटांचे गाणे आणि 160 केबीपीएस असा धरून केलेला होता आणि तेवढ्यापुरता तो बरोबरच होता. त्याच 5 जीबीमध्ये एफएलएसीची जेमतेम 200 गाणी बसतील. म्हणून खोक्यावरचा गाण्यांचा आकडा वाचताना तो कोणत्या बिटरेटवर काढला आहे, ते बारीक अक्षरांत शोधावे.

ज्यांच्या संग्रहात तासतासभराची गायन-वादनाची ध्वनिमुद्रणे जास्त आहेत, त्यांनी गाणी मोजूच नयेत, तास मोजावेत. 320 केबीपीएसला तासाला सुमारे 145 एमबी आणि एफएलएसीला तासाला सुमारे 375 एमबी धरले, तर अंदाज फारसा चुकत नाही. हातात येणारी जागा छापलेल्या आकड्याहून कमी असते, हेही त्यात धरावे. कंपनी एक जीबी म्हणजे 100 कोटी बाइट मानते, तर विंडोज 1024च्या पटीत मोजते, त्यामुळे 64 जीबीचे कार्ड संगणकावर 59.6 जीबीचे दिसते. ही फसवणूक नाही, मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे. अंतर्गत मेमरीचे प्रकरण मात्र वेगळे आहे. प्लेअर अँड्रॉइडवर चालणारा असेल, तर त्याची सिस्टिमच कित्येक जीबी अडवून बसते. म्हणून तपशिलात ‘वापरण्याजोगी जागा’ असा आकडा दिला असेल तर तोच खरा मानावा.

कार्ड घालण्याची सोय असेल, तर प्लेअर किती मोठे कार्ड स्वीकारतो हे माहितीपत्रकात पाहावे. 32 जीबीपर्यंतची कार्डे एसडीएचसी प्रकारात मोडतात आणि ती एफएटी32 या, कार्डावर फायली मांडण्याच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असतात. त्यापुढची, 2 टीबीपर्यंतची, एसडीएक्ससी प्रकारात येतात आणि ती एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत असतात. माझ्या एका जुन्या प्लेअरमध्ये मी 64 जीबीचे कार्ड घातले, तेव्हा पडद्यावर कार्ड नसल्याचाच संदेश आला. तेच कार्ड एफएटी32 मध्ये फॉरमॅट केल्यावर प्लेअरने ते निमूट वाचले. हा उपाय अनेकदा लागू पडतो, पण नेहमीच पडेल असे नाही, म्हणून त्याच्या भरवशावर खरेदी करू नये. नवे कार्ड आणल्यावर विंडोजवर एच2टेस्टडब्ल्यू किंवा मॅक-लिनक्सवर एफ3 हा प्रोग्राम चालवून ते पूर्ण भरून परत वाचून पाहावे. बनावट कार्डे छापलेल्या आकड्याच्या अंशभरच माहिती खरोखर साठवतात आणि पुढे टाकलेली गाणी मुकाट्याने खराब होतात.

आता सबस्क्रिप्शनकडे वळू, कारण जास्त निराशा इथेच पदरी पडते. सेवेवरून ‘डाउनलोड’ केलेले गाणे तुमच्या मालकीची फाईल नसते; ते कुलूपबंद असते आणि त्याची किल्ली त्या सेवेच्या ॲपकडे असते. म्हणून ते कार्डावर उतरवून, कार्ड काढून दुसऱ्या साध्या प्लेअरमध्ये घातले तर वाजत नाही. ॲपल म्युझिकवरची गाणी आयपॉड क्लासिक, नॅनो किंवा शफलवर टाकताच येत नाहीत, मग त्यात कितीही जागा मोकळी असो. स्पॉटिफायवर एका यंत्रावर 10,000 आणि जास्तीत जास्त पाच यंत्रांवर गाणी ऑफलाइन ठेवता येतात, पण निदान 30 दिवसांतून एकदा ते यंत्र इंटरनेटला जोडावे लागते. ज्या प्लेअरला वायफायच नाही, त्यावर ही अट पाळणार कशी?

खोक्यावर ‘सपोर्ट’ असे लिहिलेले दिसले, की त्याचा नेमका अर्थ विचारून घ्यावा. गाणे प्लेअरवर ऑफलाइन उतरते, की वायफाय चालू असेपर्यंतच वाजते, की फोनवरून ब्लूटूथने येणारा आवाज प्लेअर नुसता पुढे पाठवतो, या तिन्ही गोष्टींसाठी हाच शब्द वापरला जातो. यंत्रावरच्या चिन्हाच्या भरवशावर राहण्याचे परिणाम पूर्वीही दिसले आहेत. मायक्रोसॉफ्टने 2004 मध्ये ‘प्लेज फॉर शुअर’ (‘नक्की वाजते’) हे चिन्ह आणले, ते असलेल्या दुकानांतून आणि सेवांमधून लोकांनी गाणी घेतली, आणि 2006 मध्ये त्याच कंपनीचा झून हा प्लेअर आला तेव्हा त्यावर ती कुलूपबंद गाणी वाजत नव्हती.

अँड्रॉइडचा प्लेअर, विशेषतः जुना, घेताना मेमरीपेक्षा अँड्रॉइडची आवृत्ती आधी विचारावी. सेवांची ॲप काही वर्षांनी जुन्या आवृत्त्यांना सोडून देतात, आणि मग 128 जीबीचा धडधाकट प्लेअर नवीन ॲप घेईनासा होतो. ॲप चालत असेल, तर ते डाउनलोड कार्डावर ठेवू देते का हे त्याच्या सेटिंगमध्ये पाहावे, नाहीतर मोठे कार्ड रिकामे राहते आणि लहानशी अंतर्गत मेमरी भरून जाते. हे ठिकाण पहिले गाणे उतरवण्याआधीच निवडावे. कार्ड पुढे कधी बदलले, तर सगळी डाउनलोड पुन्हा करावी लागतील, हेही मनाशी धरावे.

ज्यांच्याकडे दोन्ही प्रकारची गाणी आहेत, त्यांनी अंतर्गत मेमरी ॲपसाठी आणि कार्ड स्वतःच्या फायलींसाठी ठेवावे, असे मी सुचवेन. मूळ एफएलएसी फायली संगणकावर जपून, प्लेअरसाठी त्यांची 256 केबीपीएसची एएसी (एमपी3सारख्याच लहान फायलींचा फॉरमॅट) प्रत केली तर जागा बरीच वाचते आणि रस्त्यावरच्या गोंगाटात फरक कळणे कठीण असते. उलट दिशेने मात्र जाऊ नये. एमपी3चे एफएलएसी केल्याने फाईल फुगते, गेलेला आवाज परत येत नाही.

प्लेअर हातात आल्यावर, परत करण्याची मुदत असेपर्यंत, एक चाचणी अवश्य करावी. सेवेवरची दहा-बारा गाणी उतरवावीत, वायफाय बंद करावे, प्लेअर बंद करून पुन्हा सुरू करावा आणि त्यांतले प्रत्येक गाणे शेवटपर्यंत वाजते का, ते ऐकावे. एखादे जरी अडले, तरी पावती फेकू नये.