किरणोत्सारी पेप्टाइडच्या कामात यायचंय?

किरणोत्सारी पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी आणि तिला जोडलेला किरणोत्सारी धातू; कॅन्सरची गाठ शोधायला आणि तिच्यावर उपचार करायला ती वापरतात. या क्षेत्रात येणारे विद्यार्थी भेटले की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पेप्टाइड ट्यूमरला अजून घट्ट कसं चिकटवायचं? प्रश्न योग्यच आहे. पण मी त्यांना विचारते, जे चिकटणार नाही ते शरीराबाहेर कसं जाईल आणि किती वेळात? टोचलेल्या औषधातला बराचसा भाग ट्यूमरपर्यंत पोचतच नाही. तो रक्तातून फिरतो, मूत्रपिंडात गाळला जातो आणि त्यातला काही तिथेच अडकून पडतो. चांगले चिकटणारे कितीतरी रेणू या एका कारणाने मागे पडलेत. त्यामुळे सुरुवातीपासून ट्यूमरइतकंच लक्ष मूत्रपिंडाकडे द्यायची सवय लावून घ्या.

रेणूची रचना सांगायला सोपी आहे. ट्यूमरच्या पेशीवरचा रिसेप्टर (ठरावीक रेणू जिथे चिकटतो ती जागा) ओळखणारं पेप्टाइड, किरणोत्सारी धातू धरून ठेवणारा किलेटर आणि या दोघांना जोडणारा लिंकर. शिकायला सगळ्यात चांगलं उदाहरण डोटाटेटचं. शरीरातलं सोमॅटोस्टॅटिन हे संप्रेरक 14 अमिनो आम्लांचं असतं आणि रक्तातले एन्झाइम दोन-तीन मिनिटांत त्याचे तुकडे करतात. त्याचा कामाचा गाभा ठेवून, काही जागी डी-अमिनो आम्लं (नेहमीच्या अमिनो आम्लांची आरशातली रूपं, जी एन्झाइमना सहज तोडता येत नाहीत) घालून आठ अमिनो आम्लांचं ऑक्ट्रिओटाइड बनलं, आणि ते टिकलं. पुढे तिसऱ्या जागी टायरोसिन आलं, शेवटच्या अल्कोहोलच्या जागी आम्ल आलं, टोकाला डोटा हा किलेटर बसला, आणि डोटाटेट तयार झालं. यात गॅलियम-68 घातलं की पेट स्कॅनमध्ये ट्यूमर दिसतो आणि ल्युटेशियम-177 घातलं की त्याच ट्यूमरवर उपचार होतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने गॅलियमच्या किटला 2016 मध्ये आणि ल्युटेशियमच्या औषधाला जानेवारी 2018 मध्ये मान्यता दिली.

मात्र धातू बदलला की रेणूही थोडा बदलतो, हे पक्कं ध्यानात ठेवा. किलेटरमधली धातूची बसण्याची पद्धत वेगळी होते आणि रिसेप्टरशी जुळणंही वेगळं होतं. म्हणून गॅलियमचे आकडे ल्युटेशियमला जसेच्या तसे लावता येत नाहीत. प्रत्येक जोडी स्वतंत्रपणे मोजावी लागते.

मूत्रपिंडाचा मुद्दा कळायला मिनिगॅस्ट्रिनची गोष्ट वाचाच. थायरॉइडच्या मेड्युलरी कॅन्सरमध्ये सीसीके-2 रिसेप्टर भरपूर असतात, म्हणून हे पेप्टाइड निवडलं गेलं. पण त्यात ग्लुटामिक आम्लांची सलग रांग होती आणि तिच्यामुळे रेणू मूत्रपिंडात साचत होता. संशोधकांनी पाच ग्लुटामिक आम्लं काढून टाकली. मूत्रपिंडातलं प्रमाण घसरलं, पण आता पेप्टाइड रक्तात लवकर तुटू लागलं. मग कोणी रांग परत आणली, पण डी-ग्लुटामिक आम्लांची; त्याने टिकाऊपणा आला आणि मूत्रपिंडातलं साठणंही आटोक्यात राहिलं. सहज ऑक्सिडाइज होणाऱ्या मेथिओनिनच्या जागी नॉरल्युसिन बसवलं गेलं. एका टोकाला ओढलं की दुसरं टोक सुटतं, आणि तरी मार्ग निघतो, हे मला या कामातलं सगळ्यात सुंदर वाटतं. डोटाटेटच्या उपचारातही रुग्णाला सोबत लायसिन आणि आर्जिनिनचं सलाइन देतात. ही अमिनो आम्लं मूत्रपिंडातल्या शोषणासाठी पेप्टाइडशी स्पर्धा करतात, त्यामुळे ते लघवीवाटे निघून जायला मदत होते.

आता प्रयोगशाळेतलं. ल्युटेशियम-177 डोटाटेटचा एक डोस 7.4 गिगाबेकरेल (किरणोत्साराचं एकक) असतो. शुद्ध ल्युटेशियम-177 धरलं तर हे वजन भरतं जेमतेम दोन मायक्रोग्रॅम, म्हणजे साधारण 10 नॅनोमोल (मोल हे अणूंची संख्या मोजायचं एकक). तुमच्या एका मिलिलिटर बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) दहा लाखांत एक भाग लोह असेल, तर ते 18 नॅनोमोल भरतं. म्हणजे किलेटरसमोर रांगेत ल्युटेशियमपेक्षा लोहच जास्त. गॅलियम-68 तर याहून शेकडो पटींनी कमी असतं. म्हणून इथे धातूचा स्पॅच्युला चालत नाही, पाणी अतिशुद्ध लागतं, बफर वेगळा ठेवावा लागतो. लेबलिंग, म्हणजे पेप्टाइडला किरणोत्सारी धातू जोडणं, कमी आलं की नवखे लोक तापमान आणि पीएच बदलत बसतात. मी आधी बाटल्या बदलायला सांगते.

शिवाय घड्याळ. गॅलियम-68 चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, 68 मिनिटं. लेबलिंग, शुद्धीकरण, तपासणी यांत तासभर गेला तर जवळजवळ निम्मं औषध हातातून गेलेलं असतं. त्यामुळे सगळी प्रक्रिया आधी किरणोत्सारी नसलेल्या गॅलियमवर किंवा ल्युटेशियमवर करा, हात बसेपर्यंत. ल्युटेशियमला साडेसहा दिवसांहून जास्त वेळ मिळतो, पण तिथे दुसरी अडचण येते: जास्त क्रियाशीलतेच्या द्रावणात किरणोत्सारच पेप्टाइड मोडतो. तयार झाल्या झाल्या 99 टक्के शुद्ध दिसलेला नमुना काही तासांनी पुन्हा एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रावर) चालवा. मुख्य शिखराच्या आजूबाजूला छोटी शिखरं उगवताना दिसली की पेप्टाइडला या मोडतोडीपासून वाचवायला अॅस्कॉर्बिक किंवा जेंटिसिक आम्ल का घालतात, ते लगेच पटतं.

कुठल्या शाखेतून यावं? रसायनशास्त्र, फार्मसी, जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, चारही चालतात, आणि चारही अपुरे पडतात. रसायनवाल्यांनी पेशी वाढवायला आणि रिसेप्टर-बंधन मोजायला शिकावं; जीवशास्त्रवाल्यांनी सॉलिड फेज संश्लेषण, म्हणजे घन मण्यांवर एकेक अमिनो आम्ल जोडत पेप्टाइड बनवणं, एकदा तरी स्वतः करावं. डोसिमेट्री, म्हणजे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराची मोजणी, मात्र सगळ्यांनीच शिकावी. ग्रे हे शोषलेल्या डोसचं एकक, मूत्रपिंडाला मिळणारा डोस आणि काळानुसार उतरणारा आलेख ज्याला वाचता येतो, त्याला रुग्णालयातल्या डॉक्टरांशी एका भाषेत बोलता येतं.

प्रयोगशाळा निवडताना प्रकाशनांची यादी पाहण्याआधी हे विचारा: किरणोत्सारी काम स्वतःच्या इमारतीत होतं की बाहेर? गॅलियमचा जनरेटर (प्रयोगशाळेतच गॅलियम-68 देणारं उपकरण) आहे का? प्राण्यांवरच्या चाचण्यांची परवानगी कोणाच्या नावावर आहे? नव्या माणसाला प्रत्यक्ष हॉट लॅबमध्ये, म्हणजे किरणोत्सारी काम चालतं त्या खोलीत, कधी जाऊ देतात? ही उत्तरं गोलमोल आली तर पीएच.डी.चं एक वर्ष केवळ वाट पाहण्यात जातं.

सुरक्षेबद्दल थोडक्यात. किरणोत्सार मोजणारा बॅज छातीवर लावतात तसं अंगठीचं डोसिमीटर बोटात घाला, कारण हात सगळ्यात जवळ असतात. व्हायल चिमट्याने उचला. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर सुरक्षा अधिकाऱ्याला लवकर सांगा. कामाची मांडणी बदलता येते. आणि महिन्याचे डोसचे आकडे कार्यालयाच्या फाइलमध्ये असले, तरी स्वतःच्या वहीतही उतरवून ठेवा, नोकरी बदलल्यावर लागतात.