इंग्लंडमधील मृत्युपत्राला हरकत घेण्यापूर्वी

इंग्लंड आणि वेल्समध्ये आप्ताच्या मृत्युपत्राला हरकत घेऊ पाहणाऱ्याने सर्वांत आधी एक गोष्ट निश्चित करावी: ते मृत्युपत्र कायद्याने टिकणारच नाही असे आपले म्हणणे आहे, की ते वैध असूनही त्यात आपल्यासाठी पुरेशी तरतूद झालेली नाही? या दोन दाव्यांचे कायदे, पुरावे आणि मुदती वेगवेगळ्या आहेत. वाटणी अन्यायाची झाली एवढ्या कारणाने तिथले न्यायालय मृत्युपत्र रद्द करत नाही. आपली मालमत्ता हव्या त्या व्यक्तीला किंवा संस्थेला देण्याची मोकळीक तिथल्या माणसाला आहे आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांचा जन्मतः हक्क ही कल्पनाच त्या कायद्यात नाही. स्कॉटलंडचा कायदा स्वतंत्र असल्याने पुढील माहिती तिथे लागू होत नाही.

वैधतेचा प्रश्न असेल तर सुरुवात कागदापासून करावी. १८३७ च्या कायद्यानुसार मृत्युपत्र लेखी असावे लागते आणि ते करणाऱ्याची सही एकाच वेळी हजर असलेल्या दोन साक्षीदारांसमोर व्हावी लागते किंवा त्यांच्यासमोर मान्य केली जावी लागते. लाभार्थी, म्हणजे मृत्युपत्राने ज्याला काही मिळते तो, किंवा त्याचा विवाहित जोडीदार साक्षीदार असला, तर सहसा त्या लाभार्थ्याचा वाटा जातो, मृत्युपत्र मात्र कायम राहते. मृत्युपत्रानंतर विवाह झाला असेल, तर त्याच विवाहाचा विचार करून केलेले नसलेले मृत्युपत्र साधारणपणे आपोआप रद्द होते.

मानसिक क्षमतेची कसोटी १८७० च्या बँक्स विरुद्ध गुडफेलो या खटल्यातून आली आहे. आपण काय करत आहोत, आपली मालमत्ता साधारण किती आहे आणि आपल्यावर कोणाकोणाचा हक्क पोहोचतो, हे त्या व्यक्तीला समजत होते का आणि एखाद्या मानसिक विकाराने तिचा निर्णय बिघडवला होता का, हे पाहिले जाते. स्मृतिभ्रंशाचे निदान झाले होते, एवढ्याने दावा सिद्ध होत नाही. दबावाचा आरोप तर त्याहून अवघड आहे. आग्रह किंवा विनवणी पुरेशी नसते. त्या व्यक्तीची इच्छाशक्तीच मोडून काढली गेली, हे आरोप करणाऱ्याला सिद्ध करावे लागते. म्हणून हा आरोप रागाच्या भरात करू नये. तो फसला तर खर्च अंगावर येतो आणि नाती कायमची तुटतात. मृत्युपत्र ज्या सॉलिसिटरने तयार केले, त्याच्याकडे सूचना कोणी दिल्या, कोण हजर होते, सही कशी झाली, याची लेखी माहिती आणि फाइलची प्रत मागावी. लार्क विरुद्ध न्यूगस या निकालाच्या नावाने ही विनंती ओळखली जाते आणि पुष्कळ वाद त्या फाइलवरच निकाली निघतात.

प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणण्याचा अधिकृत परवाना, अजून मिळालेले नसेल, तर प्रोबेट रजिस्ट्रीत कॅव्हेट, म्हणजे ते देणे रोखून धरणारी सूचना, दाखल करता येते. ते सहा महिने टिकते आणि मुदत वाढवता येते. मात्र ते केवळ वैधतेच्या वादासाठी वापरावे, अडवणुकीसाठी नव्हे.

दुसरा मार्ग १९७५ च्या वारसाविषयक कायद्याचा आहे. मृत व्यक्तीचा अधिवास इंग्लंड किंवा वेल्समध्ये असेल, तर पती-पत्नी, मुले, मृत्यूपूर्वी सलग दोन वर्षे एकत्र राहिलेला जोडीदार आणि मृत व्यक्तीवर अवलंबून असलेली माणसे वाजवी आर्थिक तरतूद मागू शकतात. प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत दावा न्यायालयात दाखल व्हावा लागतो. वकिलाचे पत्र पाठवले म्हणजे मुदत पाळली गेली, असे होत नाही. शोकाच्या काळात हे सारे निष्ठुर वाटते, तरीही तारीख पहिल्याच दिवशी लिहून ठेवावी. उशिराच्या दाव्याला न्यायालय परवानगी देऊ शकते, पण त्यावर विसंबू नये. पती-पत्नीखेरीज इतरांना निर्वाहापुरतीच तरतूद मिळते. आयलॉट खटल्यात आईपासून दुरावलेल्या प्रौढ मुलीला आईच्या सुमारे ४,८६,००० पौंडांच्या मालमत्तेतून अखेर ५०,००० पौंड मिळाले आणि त्यासाठी प्रकरण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

त्यामुळे भांडणाआधी हिशेब करावा. मृत्युपत्र रद्द झाले तर आधीचे मृत्युपत्र लागू होऊ शकते आणि त्यात आपला वाटा आणखी कमी असू शकतो. आधीचे नसेल, तर मृत्युपत्राविना वाटणीचे नियम लागतात. २६ जुलै २०२३ पासूनच्या मृत्यूंमध्ये मुले असतानाही विवाहित जोडीदाराला वैयक्तिक वस्तू, पहिले ३,२२,००० पौंड आणि उरलेल्यातील निम्मा भाग मिळतो. हरणाऱ्याला सहसा समोरच्याचाही खर्च द्यावा लागतो, म्हणून दावा दाखल करण्यापूर्वी मध्यस्थी सुचवावी. विनाकारण ती नाकारणाऱ्यावर न्यायालय खर्चाचा भार टाकू शकते. समझोता झाला तर तो लेखी करावा, लाभार्थ्यांत अल्पवयीन मूल असेल तर न्यायालयाची मान्यता घ्यावी आणि वारसा कराच्या दृष्टीने वाटणी बदलायची असेल, तर तसा दस्त मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत करून घ्यावा.