मजकूर हटवण्याच्या विनंत्या कशा हाताळाव्यात: संदर्भ-संकेतस्थळांच्या संपादकांसाठी

ज्ञानकोश, चरित्रकोश, संस्थांची सूची, शब्दसंग्रह अशा संदर्भासाठी वापरल्या जाणाऱ्या संकेतस्थळांकडे मजकूर हटवण्याची मागणी करणारी पत्रे येतच राहतात. त्यांतील काही पूर्णपणे रास्त असतात, काही कायद्याच्या अर्धवट माहितीतून लिहिलेली असतात आणि काही जाणूनबुजून खोटी असतात. पंचाईत अशी की, पत्राच्या भाषेवरून यांतला फरक ओळखता येत नाही. खरोखर नुकसान सोसणारा माणूस रागाच्या भरात वाटेल ते लिहून जातो, तर खोटी नोटीस पाठवणाऱ्याचा मसुदा बहुधा वकिली थाटाचा आणि नीटनेटका असतो. त्यामुळे विनंती कोणी आणि कोणत्या सुरात केली, हे बाजूला ठेवून ती नेमक्या कोणत्या वाक्याविषयी आहे आणि त्या वाक्याने कोणाच्या कोणत्या हक्काला बाध येतो, या प्रश्नापासून सुरुवात करावी. शिवाय या पत्रव्यवहारात मागणी करणारा आणि संपादक असे दोघेच बोलत असतात. ज्याच्यासाठी नोंद लिहिली तो वाचक तिथे हजर नसतो, आणि नोंद गुपचूप काढली तर ती गेल्याचे त्याला कळतही नाही. त्याची बाजू संपादकालाच सांभाळावी लागते.

विनंती स्वीकारताना

विनंत्यांसाठी एकच ईमेल पत्ता किंवा एकच अर्ज ठेवावा आणि तो प्रत्येक पानावरून सहज सापडेल असा असावा. पत्ता सापडला नाही की लोक लेखकाला, तांत्रिक काम पाहणाऱ्याला किंवा ओळखीच्या संपादकाला गाठतात, आणि मग फोनवरच्या बोलण्यातून एखादे वाक्य कधी गळून पडले हे कोणालाच सांगता येत नाही. अर्जात पानाचा पूर्ण दुवा, हरकत असलेले वाक्य जसेच्या तसे, हरकतीचे कारण, आधार म्हणून काय दाखवता येईल, अर्जदाराचा त्या विषयाशी संबंध आणि त्याला नेमके काय हवे आहे, एवढे विचारावे. ‘माझ्याविषयीचे सर्व काही काढून टाका’ या मागणीवर निर्णय घेता येत नाही. ‘तिसऱ्या परिच्छेदातील हे वाक्य चुकीचे आहे’ या मागणीवर घेता येतो.

पत्र मिळताच क्रमांक देऊन पोच पाठवावी आणि त्या क्षणी पान जसे आहे तशी त्याची तारखेसह प्रत जपून ठेवावी. ओळख पटवण्यासाठी मात्र गरजेपुरतेच मागावे. एखाद्याचा घरचा पत्ता पानावर छापला गेला असेल, तर तो काढण्यासाठी त्याच्याकडून ओळखपत्राची प्रत मागणे म्हणजे एक खासगी माहिती काढण्यासाठी दुसरी गोळा करणे होय. युरोपीय संघाचा माहिती-संरक्षण कायदाही अर्जदाराच्या ओळखीविषयी रास्त शंका असेल तेव्हाच अधिक माहिती मागण्याची मुभा देतो.

चुकीची माहिती आणि अपुरी माहिती

सर्वाधिक रास्त तक्रारी या गटात येतात आणि त्यांवरचा उपाय बहुतेक वेळा हटवणे हा नसून दुरुस्ती हा असतो. चरित्रात्मक नोंदींत वारंवार आढळणारा दोष असा की, अटक किंवा आरोप नोंदवलेला असतो, पण पुढे झालेली निर्दोष सुटका नोंदवलेली नसते. यातले कोणतेही वाक्य खोटे नसते, तरीही नोंद खोटी ठरते. अशा वेळी निकालाची प्रत किंवा विश्वासार्ह वृत्त पाहून लगेच भर घालावी, आणि मूळ आरोपाला आता संदर्भमूल्य उरले आहे का याचाही विचार करावा. सार्वजनिक पदावरील व्यक्तीच्या बाबतीत ते बहुधा उरते. एरवी सर्वसामान्य आयुष्य जगणाऱ्या माणसाच्या बाबतीत बहुधा उरत नाही.

वाक्याला आधारच सापडत नसेल, तर हरकत घेणाऱ्याने ते खोटे असल्याचे सिद्ध करावे अशी अपेक्षा धरू नये. आधार दाखवण्याची जबाबदारी प्रकाशकाची आहे. उलट, वाक्याला भक्कम आधार असेल आणि अर्जदाराचे म्हणणे एवढेच असेल की त्यामुळे आपली अडचण होते, तर वाक्य राहू द्यावे आणि आधार काय आहे ते त्याला कळवावे.

खासगीपणा

घरचा पत्ता, दूरध्वनी क्रमांक, ओळखपत्राचे किंवा बँक खात्याचे क्रमांक, आजाराची माहिती, अल्पवयीन मुलांची ओळख, संमतीविना टाकलेली खासगी छायाचित्रे यांबाबत नेहमीचा क्रम उलटा करावा: आधी मजकूर खाली उतरवावा, मग चौकशी करावी. इथे चूक झाली तरी मजकूर पुन्हा ठेवता येतो. उघड झालेला पत्ता परत घेता येत नाही. ज्या संकेतस्थळावर पानाच्या जुन्या आवृत्त्या उघडता येतात, तिथे केवळ चालू आवृत्तीतून ओळ काढून भागत नाही. इतिहासातील आवृत्त्या, चर्चेची पाने, छायाचित्रांच्या लहान प्रती आणि शोधयंत्रांनी साठवलेली प्रत, सगळे तपासावे लागते. हा भाग कंटाळवाणा असल्याने नेमका तोच राहून जातो.

‘विसरले जाण्याचा हक्क’ हे शब्द आता पुष्कळ पत्रांत असतात, पण त्यांचा आवाका समजून घेतला पाहिजे. १३ मे २०१४ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने ज्या प्रकरणात हा हक्क मान्य केला, त्यात एका स्पॅनिश नागरिकाची तक्रार १९९८ मध्ये वृत्तपत्रात आलेल्या, त्याच्या थकबाकीपोटी होणाऱ्या मालमत्ता-लिलावाच्या जाहिरातींविषयी होती. न्यायालयाने शोधयंत्राला नावावरून येणारे दुवे काढायला लावता येईल असे म्हटले. वृत्तपत्राविरुद्धची तक्रार स्पेनच्या माहिती-संरक्षण संस्थेने आधीच फेटाळली होती आणि मूळ मजकूर तसाच राहिला. मे २०१८ पासून लागू असलेल्या युरोपीय कायद्याच्या सतराव्या कलमातही अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि सार्वजनिक हितासाठीचे जतन यांना अपवाद दिले आहेत. हा कायदा तुम्हाला लागू होत असेल, तर सर्वसाधारणपणे एका महिन्यात उत्तर देणे बंधनकारक आहे. हटवणे मात्र प्रत्येक वेळी बंधनकारक नाही. मधला मार्गही असतो: पान शोधयंत्रांच्या सूचीतून वगळावे, किंवा घटनेची नोंद ठेवून व्यक्तीचे नाव काढावे. माझ्या मते लहानशा जुन्या प्रकरणांत हा मार्ग जितका वापरला जायला हवा, तितका वापरला जात नाही.

प्रताधिकाराच्या नोटिसा आणि त्यांचा गैरवापर

गैरवापर सर्वाधिक याच वाटेने होतो. कारण सरळ आहे: बदनामीचा दावा सिद्ध करावा लागतो, तर प्रताधिकाराच्या नोटिशीवर अनेक संकेतस्थळे तपासणी न करताच मजकूर उतरवतात. अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याने नोटिशीत काय असावे ते ठरवून दिले आहे: मूळ कृती कोणती, आक्षेपार्ह मजकूर कुठे आहे, संपर्काचा तपशील, सद्भावनेने केलेले विधान, आणि हक्कधारकाच्या वतीने बोलण्याचा अधिकार असल्याचे शपथेइतके गंभीर कथन. यांतील महत्त्वाचा भाग नसेल, तर तो मागवावा. मजकूर टाकणाऱ्याने प्रतिनोटीस दिली आणि तक्रारदाराने दावा दाखल केला नाही, तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर पूर्ववत करण्याची तरतूद याच कायद्यात आहे. भारतात २०१३ च्या कॉपीराइट नियमांनुसार तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर मजकूर पुन्हा उपलब्ध करता येतो. मात्र या तरतुदी मुख्यतः इतरांनी टाकलेला मजकूर साठवणाऱ्यांसाठी आहेत. नोंद तुमच्याच संपादकांनी लिहिली असेल, तर हे संरक्षण गृहीत धरू नये.

नोटीस पाहताना पहिला प्रश्न असा विचारावा की, तक्रार शब्दरचनेविषयी आहे की माहितीविषयी. स्थापनेचे वर्ष, संचालकांची नावे, निवडणुकीतील मते यांवर कोणाचाही प्रताधिकार नसतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एका दूरध्वनी-निर्देशिकेच्या प्रकरणात हे स्पष्ट केले. युरोपात माहितीसंचासाठी वेगळा हक्क आहे, म्हणून दुसऱ्याची संपूर्ण सूची उचलण्याची गोष्ट निराळी. छोट्या अवतरणांच्या बाबतीत, उचित वापराचा (म्हणजे टीका, संदर्भ अशा कामांसाठी परवानगीविना करता येणाऱ्या मर्यादित वापराचा) विचार नोटीस पाठवण्यापूर्वीच करायला हवा, असे अमेरिकेतील नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले आहे, आणि उत्तरात त्याची आठवण करून द्यायला हरकत नाही.

जुनी तारीख घातलेल्या नकलेची युक्ती ओळखायला शिकले पाहिजे. तुमची नोंद उचलून एखाद्या नव्या, वृत्तपत्रासारख्या दिसणाऱ्या संकेतस्थळावर टाकायची, तिच्यावर तुमच्या आधीची तारीख घालायची आणि मग तुम्हीच चोरी केल्याची नोटीस पाठवायची, असा हा प्रकार असतो. पडताळणी अवघड नाही. त्या डोमेनची नोंदणी कधी झाली ते पाहावे. लेख २०१६ चा म्हणवत असेल आणि डोमेन गेल्या महिन्यातले असेल, तर निकाल लागलाच. संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हमध्ये दोन्ही पानांची सर्वांत जुनी प्रत शोधावी. तुमच्या नोंदीचा आवृत्ती-इतिहास हा उत्तम पुरावा असतो, कारण त्यात वाक्य टप्प्याटप्प्याने घडताना दिसते, आणि नकलेत मात्र ते एकदम पूर्ण रूपात अवतरलेले असते. तुमची टंकलेखनातली चूकही नकलेत उतरली असेल, तर ती दुरुस्त करण्यापूर्वी तिची प्रत ठेवावी. हे प्रकार तुरळक नाहीत: प्रताधिकाराच्या खोट्या नोटिसा मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांविरुद्ध गूगलने २०२३ मध्ये अमेरिकेत दावा दाखल केला होता. खोटे विधान जाणूनबुजून केल्यास भरपाई मागण्याची तरतूद १९९८ च्या कायद्यातही आहे, पण ‘जाणूनबुजून’ सिद्ध करणे कठीण असल्याने तिच्या धाकाने कोणी फारसे थांबत नाही.

न्यायालयाचे आदेश आणि इतर दडपण

खरा आणि तुम्हाला लागू असलेला आदेश पाळावा लागतो. पण आदेशही बनावट असू शकतो. प्रकरणाचा क्रमांक न्यायालयाच्या स्वतःच्या अभिलेखात पाहावा, पत्रात दिलेल्या दुव्यावरून किंवा दूरध्वनीवरून नव्हे. आदेश कोणाविरुद्ध आहे, त्यात नेमक्या कोणत्या पानाचा वा वाक्याचा उल्लेख आहे आणि तुमच्यावर त्या न्यायालयाचा अधिकार चालतो का, हे वकिलाकडून तपासून घ्यावे. एका वाक्यासाठीच्या आदेशावर संपूर्ण पान काढणे हे आज्ञापालन नसून भित्रेपणा आहे.

अधिकाऱ्यांच्या तोंडी दबावाचे एक प्रसिद्ध उदाहरण २०१३ मधले आहे. फ्रान्समधील पिएर-स्युर-ओत येथील लष्करी रेडिओ केंद्राविषयीची नोंद काढून टाकण्यासाठी तिथल्या गुप्तचर यंत्रणेने फ्रेंच विकिपीडियाच्या एका स्वयंसेवक प्रचालकाला भाग पाडले. दुसऱ्या सदस्याने नोंद परत आणली आणि काही दिवस ती फ्रेंच विकिपीडियावरील सर्वाधिक वाचली जाणारी नोंद ठरली. यातून संपादकांनी आपल्या व्यवस्थेविषयी एक गोष्ट ठरवून घ्यावी: मजकूर हटवण्याचा निर्णय कोणा एका नावानिशी ओळखू येणाऱ्या स्वयंसेवकाच्या हातात असू नये. किमान दोघांनी पाहावे आणि त्यांपैकी एकाचा तरी ती नोंद लिहिण्याशी संबंध नसावा. मात्र मागणीची जाहिरात करून अर्जदाराला लाजवण्याचे शस्त्र खासगी व्यक्तींविरुद्ध कधीही वापरू नये.

ग्राहकांची लोकांमधली प्रतिमा सुधारून देणाऱ्या कंपन्यांकडून आलेल्या विनंत्यांत काही खुणा दिसतात: वेगवेगळ्या नावांनी आलेली, पण एकाच साच्यातली पत्रे, फक्त प्रतिकूल वाक्यांवरच हरकत, कारण बदलत जाणे (आधी बदनामी, मग ट्रेडमार्क, मग प्रताधिकार), आणि चोवीस तासांची मुदत. या खुणा दिसल्या म्हणून विनंती आपोआप खोटी ठरत नाही; पडताळणी अधिक कसून करावी, इतकेच. पैशाचा प्रस्ताव आला तर तो नाकारून नोंदवून ठेवावा. हटवण्यासाठी शुल्क आकारणे त्याहून वाईट. पोलिसांनी काढलेली आरोपींची छायाचित्रे छापून ती काढण्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांविरुद्ध अमेरिकेतील काही राज्यांना कायदे करावे लागले.

निर्णयानंतर

उत्तर छोटे, कारणांसह आणि सौम्य असावे, आणि फेरविचार कोणाकडे मागता येईल ते त्यात लिहावे. वाक्य काढले असेल तर ते कोणत्या प्रकारच्या कारणाने काढले याची टीप आवृत्ती-इतिहासात ठेवावी, काढलेली माहिती मात्र टिपेत पुन्हा लिहू नये. पूर्ण पान कायमचे गेले असेल तर सर्व्हरने ४१० हा संकेत द्यावा, आणि कायदेशीर आदेशामुळे गेले असेल तर ४५१. म्हणजे वाचकाला पान हरवले की काढले हे तरी कळते. प्रताधिकाराच्या नोटिसा खासगी तपशील झाकून ल्युमेन या जाहीर संग्रहाकडे पाठवता येतात, आणि तिथे एकाच माणसाच्या इतर ठिकाणच्या नोटिसाही शोधता येतात. वर्षातून एकदा एकूण किती विनंत्या आल्या, किती मान्य झाल्या आणि कोणत्या कारणांनी, हे प्रसिद्ध करावे; विकिमीडिया फाउंडेशन २०१४ पासून असा अहवाल देत आले आहे. नाकारलेली विनंती नव्या पुराव्याशिवाय पुन्हा आली, तर जुन्या क्रमांकाचा हवाला देऊन दोन ओळींत उत्तर द्यावे, आणि नवा पुरावा असेल तर प्रकरण पहिल्यांदाच आले आहे असे समजून, आधी निर्णय न घेतलेल्या संपादकाकडे सोपवावे.